विठ्ठल सखाराम पागे

विठ्ठल सखाराम पागे ऊर्फ वि. स. पागे (जन्म : २१ जुलै १९१०, मृत्यू : १६ मार्च १९९०) हे स्वातंत्र्यसैनिक, गांधीवादी कार्यकर्ते आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या १९६० सालापासून १९७८ पर्यंत त्यांनी सभापतिपद सांभाळले. ते महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखले जातात. मजुरीची कामे मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देण्याचे बंधन शासनावर घालणारी ही योजना पुढे कायद्यात उतरली आणि २००५ साली संसदेने केलेल्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचा आधार झाली.

पागे यांचे नाव निघाले की ‘मागेल त्याला काम’ या सूत्राची आठवण होते. या सूत्राला पैसा कोठून आला, हा भाग मात्र बहुधा मागे पडतो. ज्यांना नियमित पगार आहे, ज्यांच्या जमिनीला कालव्याचे पाणी मिळाले आहे, ज्यांची शहरात दुकाने व कार्यालये आहेत, त्यांच्याकडून कर घेऊन तो हाताला काम नसलेल्यांसाठी राखून ठेवावा, अशी व्यवस्था या योजनेमुळे महाराष्ट्रात प्रथमच उभी राहिली. पागे यांच्या कार्याचे मोल समजून घ्यायचे तर योजनेची ही बाजू पाहावी लागते. ही योजना अवर्षणग्रस्त भागाच्या अनुभवातून जन्मली होती. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड यांसारख्या अतिपावसाच्या, आदिवासीबहुल तालुक्यांत ती कितपत लागू पडली, हेही पाहणे आवश्यक ठरते.

आरंभीचे जीवन

पागे यांची कर्मभूमी तासगाव तालुका. हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे बदलण्यात आले. पागे यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. तरुणपणीच ते स्वातंत्र्यचळवळीकडे ओढले गेले व त्यांनी तुरुंगवासही भोगला. महात्मा गांधींच्या रचनात्मक कार्याचा आणि विनोबांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. संतवाङ्मयाचा त्यांचा अभ्यास चांगला होता. भाषणातून व लेखनातून तो प्रकट होत असे.

सभापती या नात्याने त्यांना पक्षीय वादापासून दूर राहावे लागे. या पदाच्या हाती ना एखादे खाते असते, ना अंदाजपत्रकातील एखादी रक्कम. तरीही राज्यातील सर्वांत मोठी ग्रामीण योजना अशा पदावरील व्यक्तीच्या पाठपुराव्यातून उभी राहिली, हे संसदीय इतिहासातील एक विरळ उदाहरण होय. पागे यांनी हे काम पत्रव्यवहार, मुख्यमंत्र्यांशी चर्चा आणि स्वतःच्या भागातील प्रत्यक्ष प्रयोग या मार्गांनी केले.

दुष्काळी कामांची जुनी रीत

रोजगार हमीचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी तिच्या आधीची पद्धत माहीत असावी लागते. ब्रिटिश काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळसंहिता तयार झाल्या. पिकाची आणेवारी काढावयाची, ती ठरावीक मर्यादेखाली आली तर टंचाई जाहीर करावयाची, सारा माफ किंवा तहकूब करावयाचा आणि खडी फोडणे, रस्ते, तलाव अशी कामे सुरू करावयाची, असा क्रम असे. स्वातंत्र्यानंतरही थोड्याफार फरकाने हाच क्रम राहिला.

या पद्धतीत मजुराच्या हाती काहीच नव्हते. टंचाई आहे की नाही हे सरकार ठरवीत असे. आणेवारी काढली जाई ती पिकाची. ज्याच्याकडे पीक घेण्यास जमीनच नाही अशा माणसाची आणेवारी कोणी काढीत नव्हते. चांगल्या पावसाच्या वर्षीही सुगी संपल्यावर भूमिहीन मजुराला चार-सहा महिने काम नसे, पण कागदोपत्री ते वर्ष सुकाळाचेच असे. पागे यांनी नेमके या ठिकाणी बोट ठेवले. दुष्काळ हा प्रसंग असला तरी बेकारी ही गावाची कायमची स्थिती आहे, तेव्हा कामाची व्यवस्थाही कायमची असली पाहिजे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता.

विसापूरचा प्रयोग

तासगाव तालुका हा पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. तेथे वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. या तालुक्यातील विसापूर व त्याच्या परिसरात १९६५ पासून पागे यांच्या पुढाकाराने क्षेत्रविकासाचा एक पथदर्शक प्रयोग करण्यात आला. गावात काम करू शकणारी माणसे किती, त्यांना वर्षातील किती दिवस काम मिळते, गावाच्या शिवारात बांधबंदिस्ती, विहिरी, नालाबांध, रस्ते अशी कोणती कामे होण्याजोगी आहेत, यांचा मेळ घालणे हा त्याचा गाभा होता. माणसांची संख्या आणि कामांची संख्या या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्यास बेकारीचा प्रश्न अंकगणितात मांडता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे हा प्रयोग पागे योजना या नावानेही ओळखला गेला.

त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञांमध्येही हा विषय चर्चेत होता. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे फेरवाटप केले तरी सर्वांना पुरेल एवढी जमीन उपलब्ध नाही. म्हणून ग्रामीण भागात सार्वजनिक कामांच्या रूपाने रोजगाराची हमी द्यावी आणि तिचा भार वरच्या उत्पन्नगटांनी उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पागे कार्यकर्ते होते आणि दांडेकर-रथ संशोधक. दोघेही स्वतंत्र वाटांनी एकाच निष्कर्षाला पोहोचले.

१९७२ चा दुष्काळ

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात १९७२ साली ग्रामीण विकासाच्या पंधराकलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून रोजगार हमी योजना संपूर्ण राज्यासाठी सुरू झाली. पण ती मार्गी लागण्यापूर्वीच महाराष्ट्रावर त्या शतकातील एक भीषण दुष्काळ कोसळला. योजना बाजूला ठेवून सर्व यंत्रणा टंचाईच्या कामांकडे वळवावी लागली. मे १९७३ मध्ये अशा कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. परदेशातून आलेला मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रस्त्याच्या कडेला मांडलेले खडीचे ढीग यांच्या आठवणी त्या पिढीतील लोकांच्या मनात आजही ताज्या आहेत.

या दुष्काळात पाण्याचे व चाऱ्याचे हाल झाले, जनावरे मेली. तरीही पूर्वीच्या दुष्काळांच्या मानाने भूकबळींचे संकट मोठ्या प्रमाणावर टळले. मजुरीचे पैसे हातात पडल्याने लोक धान्य विकत घेऊ शकले, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. एवढ्या मोठ्या संख्येने लोकांना काम देता येते असा विश्वास शासनात निर्माण झाला. त्याचबरोबर घाईने काढलेली कामे किती निरुपयोगी ठरतात हेही दिसले. फोडलेली खडी वापराविना पडून राहिली. कामे उत्पादक असावीत, त्यांतून पाणी अडावे व माती टिकावी, हा पागे यांचा आग्रह या अनुभवानंतर अधिक पटू लागला. दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ पासून योजना पुन्हा सुरू करण्यात आली.

निधीची उभारणी

योजना चांगली असली तरी तिला दरवर्षी पैसा कोण देणार, हा प्रश्न उरला होता. केंद्राच्या नियोजनात तिला जागा नव्हती. नेहमीच्या अंदाजपत्रकातून ती चालविली असती, तर पहिल्याच आर्थिक ओढाताणीत तिच्यावर कात्री चालली असती. यावर तोडगा म्हणून योजनेसाठी स्वतंत्र रोजगार हमी निधी निर्माण करण्यात आला आणि काही कर त्या निधीला जोडून देण्यात आले. या करांतून जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले.

या करांत सर्वांत महत्त्वाचा ठरला तो व्यवसाय कर. १९७५ च्या अधिनियमाने तो नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर आदींवर बसविण्यात आला. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार त्या वेळी अशा कराची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. याखेरीज विक्रीकर व मोटारवाहन कर यांवरील वाढीव आकारणी, शेतसाऱ्यावरील अधिभार, बागायत जमिनीवरील विशेष आकारणी आणि शहरांतील बिगरनिवासी जमिनी व इमारतींवरील कर या मार्गांनी निधीत भर पडे.

यांपैकी शेवटचे दोन कर करविचाराच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहेत. जमिनीची किंमत मालकाच्या श्रमांपेक्षा समाजाच्या वाढीमुळे चढते, म्हणून त्या चढत्या किमतीवर समाजाने कर घ्यावा, हा विचार अमेरिकी लेखक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली मांडला होता. त्यापूर्वी १७९७ मध्ये टॉमस पेन यांनी जमीनधारकांकडून घेतलेल्या रकमेतून प्रत्येक तरुणाला ठोक रक्कम व वृद्धांना वार्षिक वेतन द्यावे असे सुचविले होते. महाराष्ट्रातील योजनाकारांनी या ग्रंथांचा आधार घेतला असे म्हणण्यास पुरावा नाही. पण सरकारी कालव्यामुळे ज्या जमिनीचे उत्पन्न वाढले तिच्याकडून काही परत घ्यावे, किंवा शहराच्या वाढीमुळे ज्या दुकानाच्या जागेला भाव आला तिच्यावर कर बसवावा, यामागील न्याय तोच आहे. शहरातील कर जमिनीबरोबर इमारतीवरही असल्याने त्याला शुद्ध भूमिमूल्य कर म्हणता येत नाही, एवढी पुस्ती येथे जोडावी लागते.

प्रत्यक्षात निधीचा मोठा भार शहरी पगारदाराने उचलला. बागायतदाराकडून होणारी वसुली त्या मानाने अल्पच राहिली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते या कामांचा लाभ मात्र बहुतांशी जमीन असणाऱ्यालाच झाला; ज्या मजुराने तो तलाव खोदला त्याला मजुरीपलीकडे काही मिळाले नाही. योजनेला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळण्याचे हेही एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे, आणि ते खोडून काढणे कठीण आहे. गावातील मजूर गावातच राहिला तर शहरावरील स्थलांतराचा ताण कमी होईल, अशी शहरातील करदात्यांची समजूत घालण्यात येई. महाराष्ट्रातील पगारपत्रकावर व्यवसाय कराची ओळ अद्याप असते; ती मुळात कशासाठी आली हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

कायदा

महाराष्ट्र रोजगार हमी विधेयक १९७७ साली राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. परिषदेत तेव्हा सभापतिपदावर पागे होते. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला, तोवर पागे त्या पदावरून निवृत्त झाले होते. या दरम्यान राज्यात मुख्यमंत्री बदलले आणि सत्तेचे रंगही बदलले. योजनेला मात्र धक्का लागला नाही.

संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतील ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण न्यायालयात जाऊन तो मागता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला प्रत्यक्ष रूप दिले. ग्रामीण भागातील कोणीही प्रौढ व्यक्ती नाव नोंदवून कामाची मागणी करू शकते. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले पाहिजे. न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा लागतो. मूळ कायद्यात हा भत्ता दिवसाला किमान १ रुपया होता. स्त्री व पुरुष यांना एकाच दराने मजुरी ठरली. ती केलेल्या कामाच्या मोजमापावर देण्यात येई. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर झाला पाहिजे असे बंधन होते. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी असेही नियम होते. कामासाठी जातीचा दाखला लागत नसे की उत्पन्नाचा. उन्हात माती खणण्यास जो तयार होतो त्याची गरज वेगळी सिद्ध करण्याचे कारण नाही, या व्यवहारी तत्त्वावर योजनेची निवड चालत असे.

कायद्यात पळवाटाही होत्या. हमी जिल्हा पातळीवरची होती, म्हणजे जिल्ह्यात कोठेही काम दिले तरी ती पाळली गेली असे मानले जाई. काम सुरू करण्यासाठी सामान्यतः किमान ५० मजूर उपलब्ध असावे लागत. बेकारभत्ता कागदावर असला तरी तो प्रत्यक्ष दिला गेल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील स्थिती

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके. येथे वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तासगावच्या चौपट. आणेवारीच्या जुन्या मोजपट्टीने हा प्रदेश दुष्काळी ठरण्याचा संभव कमीच. तरीही उन्हाळ्यात येथील पाड्यांवर बायकांना हंडा घेऊन दूरवर पायपीट करावी लागते. मुंबईला पाणी पुरविणारा १८९२ सालचा तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे, भातसा धरणही याच तालुक्यात आहे. मुरबाडमधील काही गावांची जमीन बारवी धरणाखाली गेली. मुंबईच्या पगारदाराने भरलेला व्यवसाय कर रोजगार हमीच्या रूपाने या तालुक्यांत येत असेल, तर तो उपकार नसून पाण्याच्या ऋणाची अंशतः फेड होय, असे येथील कोणी म्हटल्यास त्यात वावगे नाही.

येथील शेती प्रामुख्याने भाताची, एकपिकी. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई होते. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुणबी व आगरी कुळे जमिनीची मालक झाली, काही ठाकूर व महादेव कोळी कुटुंबांनाही जमिनी मिळाल्या. पण कातकरी समाजातील बहुसंख्य कुटुंबे कुळेही नव्हती, त्यामुळे कूळकायदा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. जमीन सुधारणांच्या जाळ्यातून निसटलेल्या याच माणसांसाठी पागे यांची योजना होती.

तरीही ती येथे घट्ट रुजली नाही. याची कारणे प्रदेशाच्या ऋतुचक्रात आहेत. पठारावरील मजुराचा अडचणीचा काळ म्हणजे सुगीनंतरचा उन्हाळा, आणि मातीकामाचा हंगामही तोच. तेथे गरज आणि काम एकाच महिन्यांत येतात. शहापूर-मुरबाडमध्ये मात्र पोटाची खरी ओढ पावसाळ्यात, लावणी उरकल्यानंतर लागते. घरातील धान्य संपलेले असते, भात निसवायचा असतो आणि मुसळधार पावसात मातीकाम शक्य नसते. या दिवसांत पूर्वापार खावटीचा आधार घेतला जाई. सावकाराकडून आणलेले धान्य पीक आल्यावर दीडपट, कधी त्याहूनही अधिक करून परत करावे लागे. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना याच गरजेतून पुढे आली.

वीटभट्टीचे गणितही याच काळात जुळते. भिवंडी, कल्याण व वसई परिसरातील भट्ट्यांचे मालक किंवा त्यांचे मुकादम पावसाळ्याच्या दिवसांत कातकरी कुटुंबांना बयाणा देतात. दिवाळीनंतर ते कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि मे अखेरपर्यंत बयाणा फेडीत राहते. रोजगार हमीची कामे सुरू होतात तेव्हा ज्यांच्यासाठी ती काढावयाची ती माणसे गावात नसतात. शिवाय भट्टीवाला पैसे आधी देतो; रोजगार हमीची मजुरी मोजमाप, हजेरीपट आणि मंजुरी यांतून वाट काढीत उशिरा हाती पडते. ज्याच्या घरात उद्याचा शिधा नाही त्याने काय निवडावे, याचे उत्तर सांगण्याची गरज नाही. काम मिळण्याच्या हमीइतकीच मजुरी वेळेवर मिळण्याची हमी महत्त्वाची असते, हे तासगावच्या प्रयोगात फारसे जाणवले नव्हते. ते ठाणे जिल्ह्यात ठळकपणे समोर आले.

कामांच्या प्रकारांचाही प्रश्न होता. पाझर तलाव व समपातळी बांध ही पठाराची कामे. कोकणपट्टीत रस्ते, भातखाचरांची बांधबंदिस्ती, रोपवाटिका व वृक्षलागवड यांवरच भागवावे लागे. पुष्कळशी जमीन वनखात्याची असल्याने तेथे अन्य खात्यांना काम काढणे अवघड जाई. राज्यातील योजनेचा बराचसा खर्च अवर्षणप्रवण जिल्ह्यांत झाला आणि कोकणाचा वाटा अल्प राहिला, त्याची पाळेमुळे अशी आहेत.

तथापि कायद्यातील मागणीच्या तरतुदीचा उपयोग येथेही झाला. ठाणे जिल्ह्यात काम करणाऱ्या मजुरांच्या व आदिवासींच्या संघटनांनी नाव नोंदवून कामाचा अर्ज करणे, अर्जाची पोच घेणे, तहसील कचेरीवर मोर्चा नेणे हे शिक्षण पाड्यापाड्यांवर दिले. सावकारापुढे किंवा जंगलखात्याच्या रखवालदारापुढे मान खाली घालून उभा राहणारा माणूस तहसीलदाराकडे अर्जाची पोच मागू लागला. हा बदल रुपयांत मोजता येत नाही, आणि योजनेच्या हिशेबात तो कोठे नोंदलेलाही नाही.

काम की थेट रोकड

अलीकडे प्रत्येक नागरिकाला काही रक्कम विनाअट द्यावी, या सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाच्या कल्पनेची जगभर चर्चा होते. मध्य प्रदेशातील काही गावांत त्याचा प्रायोगिक अभ्यास झाला आणि केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयाला स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. या चर्चेत पागे यांच्या योजनेचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो.

पागे यांचा कल श्रमाच्या बाजूने होता. गांधीविचारात वाढलेल्या माणसाला काम न करता मिळणारे धान्य हे दान वाटे, आणि दान घेणाऱ्याची प्रतिष्ठा कमी करते असे त्या विचारसरणीत मानले जाई. शिवाय श्रमातून बांध, विहीर, रस्ता असे काही उभे राहते, हा हिशेब होता. शासन प्रत्येकाला जगण्याचे साधन देण्यास बांधील आहे, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. ते साधन मजुरीच्या रूपाने द्यावे अशी अट घातली.

या अटीमुळे काही माणसे बाहेर राहिली. वृद्ध, अपंग, एकाकी विधवा, आजारी माणसे टिकाव चालवू शकत नव्हती. त्यांच्यासाठी १९८० मध्ये राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, आणि तिच्यात थेट पैसेच द्यावे लागले. दुसरा आक्षेप देखरेखीचा. हजेरीपटावरील खोटी नावे, मोजमापातील लबाडी, मजुरीला विलंब हे दोष कामाच्या हमीत शिरतात. रोख रकमेत ते कमी असतात. उलट बाजूने असेही सांगता येते की रोख रक्कम देणारे सरकार ती केव्हाही गोठवू शकते किंवा महागाईत तिचे मोल घटू देते. कामाची मागणी करणारे मजूर एकत्र येतात, त्यांची संघटना होते. खात्यावर पैसे येण्याची वाट पाहणारा मनुष्य एकटाच असतो. मुरबाडच्या पाड्यावर श्रावणात चूल पेटण्यापुरती रक्कम थेट द्यावी आणि दिवाळीनंतर गावाजवळ काम द्यावे, असा दोहोंचा मेळ घालणे अधिक शहाणपणाचे ठरले असते, असे या दोन तालुक्यांचे ऋतुचक्र पाहता वाटते.

निधीबाबतही एक धडा मिळाला. विशिष्ट कारणासाठी घेतलेला कर त्याच कारणासाठी खर्च होतो, असा भरवसा करदात्याला दिला गेला होता. पुढील काळात जमा झालेली रक्कम पूर्णपणे योजनेवर खर्च होत नसल्याची टीका विधिमंडळात व बाहेर वेळोवेळी झाली. मजुरांची मागणीच कमी आहे, असे शासनाचे उत्तर असे. मागणी नोंदवूनच घेतली नाही तर ती कमी दिसणारच, हा संघटनांचा प्रतिवाद होता.

अखेरची वर्षे व वारसा

सभापतिपद सोडल्यावरही पागे रोजगार हमीच्या कामाशी निगडित राहिले. १६ मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना राज्याने हाती घेतली. तिच्यात लहान शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर फळझाडे लावण्यासाठी मजुरीचे अनुदान मिळू लागले. कोकणात आंबा व काजूच्या लागवडीला तिने चालना दिली. मजुराच्या श्रमातून दुसऱ्याच्याच जमिनीचे भले होते, या जुन्या आक्षेपाला तिने काही अंशी उत्तर दिले. मात्र जमीन नसलेला कातकरी या योजनेच्याही बाहेर राहिला.

संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला व २ फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १५ दिवसांत काम, बेकारभत्ता, ६० टक्के मजुरीचे बंधन या तरतुदी त्यात महाराष्ट्राकडून आल्या. दोहोंत एक महत्त्वाचा भेद होता. केंद्राच्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हमी व्यक्तीला होती आणि दिवसांना मर्यादा नव्हती. म्हणून १०० दिवसांपुढील कामाचा खर्च राज्याने स्वतःकडे ठेवला.

महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव देण्यात आले आहे.